ढोलीतले पिल्लू, माणसाचा हात

फाल्गुन निम्मा सरला की नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर राबाची कामे सुरू होतात. नागली आणि भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून ते जाळायचे, ही सह्याद्रीच्या या पट्ट्यातली जुनी रीत. कोकणा, वारली आणि महादेव कोळी शेतकऱ्यांनी ती पिढ्यानपिढ्या चालवली. नेमक्या याच दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, झाडांच्या ढोल्यांत पोपटांची पिल्ले असतात. जुने खोड कोसळते, वाळकी फांदी मोडते, आणि ढोलीसकट पिल्लू खाली येते. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, डोक्याच्या मानाने चोच मोठी, भूक अखंड. कोणीतरी त्याला ओंजळीत घेऊन घरी आणतो.

त्या घरात पुढे काय होते, याला फार जुना इतिहास आहे. तो मायेचा आहे, हे खरेच. पण त्या मायेचा शेवट बहुतेक वेळा पिंजऱ्यात झाला. ही गाठ सोडवण्याचे काम गेल्या पन्नासेक वर्षांतच सुरू झाले आहे, आणि त्यात हरसूलसारख्या जंगलकाठच्या गावांचा वाटा शहरांपेक्षा मोठा ठरणार आहे.

शेतकऱ्याचे आणि पोपटाचे नाते मुळातच दुहेरी. ज्वारी-बाजरीच्या कणसांवर, पेरूच्या बागेवर थवा उतरला की तो खातो त्याहून जास्त नासतो. अर्धवट कुरतडलेले फळ टाकून दुसऱ्याला चोच लावणे हा त्याचा स्वभाव. म्हणून पिकात माळा बांधायचा, गोफण फिरवायची, डबे बडवायचे. आणि तोच माणूस संध्याकाळी घरी आला की ओसरीवरच्या पिंजऱ्यातल्या राघूला मिरची देणार, त्याच्याशी बोलणार. शेतात वैरी आणि घरात लेकरू, असे दुसरे पाखरू मराठी मुलखात नाही.

राघूचे उल्लेख फार जुने आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्यांचे शिलालेख आहेत त्या सातवाहनांच्या काळाशी ‘गाथासप्तशती’ जोडलेली आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या या संग्रहातल्या एका गाथेत आकाशातून उतरणारी पोपटांची रांग पाचू-माणकांच्या हारासारखी दिसते. हिरवे अंग आणि लाल चोच इतक्या नेमकेपणाने पाहणारी नजर मोकळ्या थव्यावर होती. पुढच्या शतकांतल्या कामसूत्रात मात्र पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही चौसष्ट कलांपैकी एक झाली आहे, आणि नागर माणसाच्या जेवणानंतरच्या विरंगुळ्यातही तिला जागा आहे. भारतातल्या बोलक्या पाखराची कीर्ती त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकात, इराणच्या दरबारातल्या टीसियस या ग्रीक वैद्याने लिहून ठेवली होती. बोलणारा पोपट हवा तर तो पिल्लू असतानाच हाती लागायला हवा, हे पाळणाऱ्यांचे जुने गणित. ढोलीतून पिल्लू काढण्याचा धंदा या एका गरजेतून वाढला.

मोठा पोपट धरण्याचीही एक जुनी तऱ्हा होती, आणि तिचा स्पष्ट उल्लेख मराठीत आहे. 1290 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टान्त येतो. दोरीवर एक पोकळ नळी ओवून टांगलेली असते. पोपट तिच्यावर येऊन बसला की त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो खाली डोके, वर पाय असा लटकतो. पाय सोडले तर तो उडून जाऊ शकतो. पण आपण बांधलो गेलो अशा समजुतीने तो नळीला अधिकच घट्ट आवळतो, आणि पारध्याला येऊन त्याला नुसते उचलून घ्यावे लागते. ज्ञानेश्वरांना जीवाच्या स्वतःच ओढवलेल्या बंधनाबद्दल बोलायचे होते. तरीही हा दृष्टान्त देताना त्यांना यंत्राची रचना समजावून सांगत बसावे लागलेले नाही. याचा अर्थ समोरच्या श्रोत्यांना ते ठाऊक असणार. तेराव्या शतकातल्या गोदाकाठी पोपट धरणे इतके रोजचे होते. त्यांच्या थोरल्या भावाची, निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे आणि पौष वद्य एकादशीच्या यात्रेला तिथे दिंड्या लोटतात. त्या समाधीपासून हरसूलचे जंगल फार दूर नाही.

पुढच्या काळात राघू गोष्टीत शिरला आणि कापडातही. संस्कृतातल्या ‘शुकसप्तती’चा जुना मराठी अवतार ‘शुकबहात्तरी’ या नावाने लोकांत वाचला जात होता. रिचर्ड श्मिट या जर्मन अभ्यासकाने तो 1897 मध्ये जर्मन भाषांतरासह छापला. नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याच्या मागावर पैठणीच्या काठापदरात तोता-मैना आणि मुनिया आजही विणल्या जातात. हिरवा धागा अंगाचा आणि चोचीला लाल ठिपका. लग्नाच्या साडीवर जोडीने बसलेले हे पाखरू घरात एकटे पिंजऱ्यात असायचे. थव्याने राहणाऱ्या पक्ष्याला ही सर्वांत मोठी शिक्षा होती, आणि ती प्रेमाने दिली जात होती.

हरसूलचा इतिहास या गोष्टीला वेगळी बाजू देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गाव पेठ संस्थानात होते आणि त्याचा बाजार सभोवतालच्या डोंगरी पाड्यांचा आधार होता. 1857 च्या डिसेंबरात या भागात उठाव झाला, तेव्हा हरसूलचा बाजार लुटला गेल्याची नोंद इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये आहे. 1878 मध्ये पेठच्या बेगमचा मृत्यू झाला आणि संस्थान इंग्रजांच्या थेट ताब्यात गेले. त्याच वर्षी भारतीय वन कायदा आला. राखीव जंगल, सागाची तोड, राबासाठी फांद्या छाटण्यावर बंधने, असा नवा व्यवहार डोंगरात सुरू झाला.

पोपटाच्या दृष्टीने जुन्या झाडाची किंमत लाकडात मोजता येत नाही. पोपट स्वतः ढोली कोरू शकत नाही असे नाही, पण तो सहसा सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली, नाहीतर फांदी कुजून तयार झालेली पोकळी घेतो आणि चोचीने रुंद करतो. अशी पोकळी तरण्या सागात नसते. म्हाताऱ्या आंब्यात, उंबरात, अर्ध्या वाळलेल्या सादड्यात असते. वखारीच्या हिशेबात हे झाड निकामी, म्हणून तोडीत पहिले जाते. ढोल्या कमी झाल्या की उरलेल्या ढोल्या माणसाला पाठ होतात. वर्षामागून वर्षे एकाच ढोलीतून पिल्ले काढली जातात आणि एखादे वर्ष असे येते की त्या झाडावर कोणी येतच नाही.

विसाव्या शतकात या पिल्लांना जगाचा बाजार मिळाला. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा फुले मंडई, पक्ष्यांच्या गाळ्यांसाठी देशभर ओळखली गेली. 1960 ते 1980 च्या दशकांत भारत हा रानपक्ष्यांचा मोठा निर्यातदार होता आणि पोपट त्या निर्यातीतला नेहमीचा माल. आज लंडनच्या बागांत, ॲमस्टरडॅममध्ये, जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठच्या शहरांत आपले हिरवे पोपट थव्याने राहतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की युरोपातल्या या पक्ष्यांचे मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतात आहे. कोणा तरी ढोलीतून निघालेली ती पाखरे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपटाला संरक्षण दिले. 1990-91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आणि निर्यातीवर सरसकट बंदी आली. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपला नेहमीचा पोपट आणि मोठा राजपोपट दुसऱ्या अनुसूचीत आहेत. म्हणजे घरी पिंजऱ्यात देशी पोपट ठेवणे हा गुन्हा आहे, तो विकत आणलेला असो की झाडाखाली सापडलेला. पक्षी व्यापाराचा अनेक वर्षे मागोवा घेणारे अबरार अहमद यांनी बंदीनंतरही बाजार कसा चालतो ते तपशिलाने नोंदवले आहे. सर्वांत जास्त मागणी राजपोपटाच्या पिल्लांना असते, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

आता घरातल्या चाऱ्याकडे येऊ. मराठी घरांनी पोपटाला काय दिले? भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड, दुधात कुस्करलेली पोळी. यातल्या मिरचीबद्दल आपल्या आजी-पणजींचे निरीक्षण अचूक होते. मिरचीतल्या तिखट द्रव्याची जाणीव करून देणारे सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंतले प्रथिन पक्ष्यांत वेगळे असते आणि त्या द्रव्याला ते दाद देत नाही, हे 2002 मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. मिरचीचे बी रानात दूरवर पोचवणारे मुख्यतः पक्षीच. डाळही वाईट नाही. पण नुसत्या डाळीवर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व पुरत नाही. मग पाय फेंगडे होतात, हाडे वाकतात, डोळे आणि नाक सुजते. ‘आमचा पोपट जन्मतःच अधू होता’ असे ज्याबद्दल सांगितले जाते, तो पुष्कळदा चाऱ्याने अधू झालेला असतो.

खरी घातक गोष्ट म्हणजे दूध. पक्षी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाहीत आणि दुधातली साखर पचवण्याचे रसायन त्यांच्या आतड्यात नसते. दूध-पोळी खाणारे पिल्लू हगवणीने सुकते, आणि घरचे लोक ते अशक्त झाले म्हणून आणखी दूध देतात. इतक्या मायेने केलेल्या गोष्टीने इतकी पिल्ले दगावली असतील, हे लिहितानाही वाईट वाटते. पण हे स्पष्टपणे सांगायलाच हवे, कारण आजही ओंजळीत आलेल्या पिल्लासमोर पहिल्यांदा येतो तो दुधात बुडवलेला कापसाचा बोळाच. कापसाने किंवा ड्रॉपरने चोचीत पाणी सोडणेही तितकेच धोक्याचे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. थेंब चुकीच्या वाटेने गेला की फुप्फुसात उतरतो.

आजारी जनावरांची व्यवस्था लावण्याची परंपरा आपल्याकडे होती. मुंबईची पांजरपोळ 1834 ची. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत 1874 मध्ये उभी राहिली, आणि तिच्या छत्राखाली परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय 1883 च्या सुमारास सुरू झाले. नाशिकच्या पंचवटीलाही पांजरपोळ आहे. पण या सगळ्यांच्या केंद्रस्थानी गाय, बैल आणि घोडा होता. रानपाखराच्या पिल्लाला बरे करून पुन्हा रानात पाठवायचे, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती.

ती उगवली जंगलातच. 1973 मध्ये गडचिरोलीतल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार करून परतणाऱ्या माडिया लोकांकडे मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांना दिसले आणि त्यांनी ते मागून घेतले. मग गावोगावचे लोक अनाथ पिल्ले तिकडे आणू लागले. ज्यांच्यासाठी शिकार ही पोटाची गरज होती, त्याच माणसांनी पिल्लांसाठी वेगळी वाट स्वीकारली, ही त्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पुढे वनविभागाने जखमी व अनाथ वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे काढली. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचे केंद्र त्यातले आरंभीचे. नाशिकजवळ म्हसरूळलाही आता असे केंद्र आहे. उन्हाळ्यात अशा केंद्रांत पोपटाची पिल्ले येतात, आणि संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पंख कापलेले मोठे पोपट.

या केंद्रांत पिल्लाला जे दिले जाते ते ढोलीतल्या आईबापांकडून शिकलेले आहे. मादी साधारण चार अंडी घालते, तीन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस उबवते, आणि पिल्ले पुढे सहा-सात आठवडे ढोलीत राहतात. आईबाप स्वतःच्या गळ्याखालच्या पिशवीत मऊ झालेले अन्न पिल्लाच्या चोचीत ओकतात. ते उबदार असते, पातळ असते आणि एका वेळी थोडे असते. माणसाला या तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात.

आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला चारा पचत नाही. तो पिशवीतच आंबतो. उघड्या अंगाच्या पिल्लाला सुमारे 35 अंश सेल्सिअस उबेची जागा लागते. पिसांचे खुंट फुटले की 30 अंशांच्या आसपास, आणि पिसे पूर्ण आल्यावर नेहमीची खोली पुरते. चारा म्हणजे पोपटवर्गी पक्ष्यांसाठी बनवलेली तयार भुकटी, कोमट पाण्यात कालवलेली. तिचे तापमान 38 ते 41 अंश हवे, आणि ते थर्मामीटरनेच पाहायचे. बोटाला कोमट लागते तेवढ्यावर विसंबायचे नाही. त्याहून गरम असेल तर पिशवीची त्वचा आतून भाजते आणि काही दिवसांनी गळ्याला भोक पडते. गार असेल तर पिल्लू तोंड फिरवते. अगदी लहानग्याला दर दोन तासांनी, डोळे उघडल्यावर तीन-चार तासांनी, पिसे आल्यावर दिवसातून दोन-तीनदा. गळ्याखालची पिशवी हाताने हळूच चाचपायची. ती रिकामी झाली असेल तरच पुढचा घास. एका वेळचा घास पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. रोज सकाळी, पहिल्या चाऱ्याआधी वजन करायचे. वाढत्या पिल्लाचे वजन एक दिवस जरी घटले तरी डॉक्टरांना सांगायचे. चारा सिरिंजने किंवा कडा आत वळवलेल्या चमच्याने द्यायचा, आणि पिल्लू मान वरखाली करून घास मागते त्या लयीतच तो द्यायचा.

हे सगळे शिकता येते. अवघड आहे ते पुढचे. जुन्या घरात पिल्लाला डोळे उघडताच ‘विठू विठू’ म्हणायला शिकवत. उपचार केंद्रात त्याच्याशी कमीत कमी बोलायचे, त्याला एकटे ठेवायचे नाही, त्याच्या वयाच्या इतर पिल्लांबरोबर वाढवायचे. मोठे झाल्यावर बिया, शेंगा, कच्ची फळे, डहाळ्या स्वतः फोडून खाण्याची सवय लावायची, मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव द्यायचा आणि जिथे थवे राहतात अशा ठिकाणी सोडायचे. गळ्याभोवतीची गुलाबी-काळी कंठी नराला तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येते. तोवर तो नर आहे की मादी हेही दिसून कळत नाही. तो कंठीवाला राघू होईल तेव्हा त्याने आपल्याला ओळखू नये, यासाठी ही सगळी मेहनत.

हे जमते का? मॉरिशसमध्ये जमले. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज जिथे आजही आपले सण आणि भाषा जपतात, त्याच बेटावर आपल्या पोपटाचा एक चुलतभाऊ राहतो, इको पॅराकीट. 1980 च्या दशकात त्याची संख्या वीसच्याही खाली गेली होती. झाडे तोडली गेल्याने ढोल्या संपल्या होत्या, आणि उरलेल्या ढोल्यांवर बाहेरून आलेला आपलाच पोपट हक्क सांगत होता. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढोल्या दुरुस्त केल्या, कृत्रिम पेट्या टांगल्या, आईबापांना न पेलणारी जादा पिल्ले काढून हाताने भरवली आणि सोडली. माणसाळलेले पक्षी सोडण्यातले धोके त्यांनाही भोगावे लागले, आणि 2005 च्या सुमारास चोच-पिसांच्या विषाणूजन्य रोगाची साथही आली. तरीही आज हे पक्षी शेकड्यांनी आहेत. हाताने भरवण्याइतकेच, किंवा त्याहून जास्त, तिथे उपयोगी पडले ते ढोल्या सांभाळणे.

हरसूलला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. याच वनपरिक्षेत्रातल्या खोरीपाड्याने गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठराविक जागी टाकण्याचा उपक्रम वनविभागाबरोबर चालवला आणि तिथे गिधाडे उतरू लागली. जनावरांच्या डायक्लोफेनॅक या औषधाने देशभरातली गिधाडे मेली, 2006 मध्ये त्यावर बंदी आली. पण बंदी कागदावर असताना पाखराला सुरक्षित घास देण्याचे काम पाड्यावरच्या माणसांनी केले. गिधाडाला जागा देणाऱ्या गावाला पोपटाच्या ढोलीसाठी एखादे म्हातारे झाड राखणे अवघड नाही. राबासाठी फांद्या छाटताना ढोली असलेले खोड सोडायचे, वाळलेले असले तरी उभे ठेवायचे, आणि पाडायचेच असेल तर पावसाळ्यानंतर पाडायचे, एवढे ठरले तरी पुष्कळ पिल्ले कोणाच्या ओंजळीत येणारच नाहीत.

आणि तरीही पिल्लू सापडलेच, तर आधी वर पाहा. ढोली शाबूत आणि हाताशी असेल तर ते तिथेच परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत. ढोली मोडली असेल तर तळाला भोके पाडलेली लाकडी पेटी त्याच झाडाला बांधा आणि लांबून लक्ष ठेवा. पिल्लू जखमी असेल किंवा संध्याकाळपर्यंत कोणी भरवायला आले नाही, तर ते मऊ फडक्यात, उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. दूध देऊ नका, पाणी ओतू नका. आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.